आडवी दुनळी

पेटीचे खटके उघडून तिनं झाकण वर केलं आणि हात तिथंच थबकला. आत दुसरीच बंदूक होती. पेटी नेहमीचीच, कोपऱ्यावर कातडं सुटलेली. पण नवऱ्याच्या बंदुकीसाठी कापलेल्या मखमली खाचेत सासऱ्यांची जुनी बंदूक ठेवली होती, आणि ती तिथं नीट बसत नव्हती म्हणून खाली टॉवेलची घडी दिली होती. आपल्या माणसाच्या बिछान्यात भलतंच कुणी झोपलेलं दिसावं तसं तिला झालं. सासरे मागं बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते. नाडी त्यांना हल्ली दिसत नसे, बोटांनी चाचपूनच शोधावी लागे. मान वर न करता ते म्हणाले, "आजपासून तू आडवीवर." तिनं विचारलं, आणि उभी? तर ती उंटाला द्यायची ठरवलीय, म्हणाले, आणि दुसऱ्या बुटाकडे वळले. उंट म्हणजे तिच्या नवऱ्याचा मित्र. ताडमाड उंच, चालताना मान पुढं काढणारा. नाव नवऱ्यानंच ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं होतं की उंटाची बायकोही त्याला त्याच नावानं हाक मारायची. तर त्या उंटाला. ती "बरं" म्हणाली. राग आला की ती "बरं" म्हणायची, ही तिची जुनी खोड होती, आणि हे ओळखणारा माणूस आता नव्हता.

घरात दोन बंदुका, दोन्ही दुनळी. नवऱ्याच्या बंदुकीच्या नळ्या एकीवर एक, सासऱ्यांच्या शेजारी शेजारी. म्हणून एक उभी आणि एक आडवी. ही नावं बाप-लेकांनीच पाडली होती आणि त्यावरून दर रविवारी दोघांची जुंपायची. सासरे म्हणायचे, उभीतून बघणं म्हणजे किल्लीच्या भोकातून जग बघणं. नवरा म्हणायचा, आणि आडवीतून बघणं म्हणजे दार सताड उघडं टाकायचं आणि कोण आलंय ते कळायचंच नाही. एकदा तो म्हणाला होता, "बाबा, माणूस उभा आहे तोवर उभीच चालवावी. आडवं तर पुढं व्हायचंच आहे." तिघंही हसले होते. ती गाडीत बसलेली होती, काच खाली करून, मांडीवर मासिक उघडं ठेवून. तेव्हा ती बंदुकीला हातही लावत नसे. पुढं एका दुपारी तो जरा आडवा होतो म्हणाला आणि उठलाच नाही. चहा झाला म्हणून ती हाक मारायला गेली तर एक हात उशीखाली तसाच. छातीतलं काहीतरी थांबलं, इतकंच डॉक्टरांना सांगता आलं. त्यानंतर तो विनोद घरात कुणी काढला नाही. पण विनोद टाळता येतो, शब्द कुठं टाळणार? 'आडवी' म्हणायची वेळ आली की सासरे आधी किंचित थांबत, खड्डा माहीत असलेला माणूस अंधारातही पाऊल आखडतो तसे. आज ते थांबले नव्हते. तिला पेटीपेक्षाही तेच जास्त लागलं होतं.

शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत नेमबाजीचा क्लब होता. खड्ड्याच्या तोंडाशी पत्र्याची खोली, खोलीत यंत्र, आणि यंत्रापाशी वर्षानुवर्षं तोच माणूस. त्याला सगळे यंत्रवालाच म्हणत. नेमबाजानं "सोड" म्हटलं की तो कळ दाबे आणि मातीची काळी तबकडी, बशीएवढी, सूं करून आकाशात जाई. फुटली तर काळ्या भुकटीचा ढग. नाही फुटली तर यंत्रवाला खिडकीतून म्हणे, "गेली." फुटलीला तो काहीच म्हणत नसे. त्या दिवशी त्याला फार बोलावं लागलं. उभीतून तिला समोर एकच अरुंद पट्टी दिसायची, टोकाला नेम धरायची पितळेची माशी, आणि माशीच्या भोवती सगळं आकाश. आडवी खांद्याला लावली तर डोळ्यांपुढं दोन नळ्यांचं रुंद पाठाड, मध्ये खोलगट चीर, आणि खालचं आकाश झाकलेलं. तबकडी त्या पाठाडामागून निघायची आणि ही बघेबघेपर्यंत पार व्हायची. उभीला एकच चाप होता. हिला दोन, पुढचा उजव्या नळीचा, मागचा डावीचा. दुसऱ्या गोळीला तिचं बोट सवयीनं पुढच्याच चापावर जाई आणि तो मेलेला चाप दाबत राही. वजनही भलतंच हलकं. उभी जड होती, एकदा वळायला लागली की आपल्या भारानं वळत राहायची, मन मागं राहिलं तरी. ही चटकन वळे आणि चटकन थांबे. मन जिथं कचरे तिथं नळी कचरे. "थांबतेस," सासरे मागून म्हणाले. "गोळी सुटल्यावरही वळत राहायचं. ती गेलीच नाही असं समजून." ती बरं म्हणाली.  परतताना गाडीत त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि ते झोपलेले नाहीत हे तिला कळत होतं.

ती बंदुकीकडे वळली त्याला कारण सासऱ्यांची गाडी. नवरा गेल्यावर काही महिन्यांनी त्यांचा फोन आला होता: डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केलीय, डोळे उतरलेत, रविवारी खाणीपर्यंत सोडशील का? तोवर दोघांचं बोलणं म्हणजे औषधं घेतलीत का आणि हो घेतली. तिनं सोडलं. त्यांनी सवयीनं दोन्ही पेट्या आणल्या होत्या. स्वतःचं झाल्यावर उभी काढली, पुसली, आणि तिच्या हातात दिली. पडून राहिली की गंजते, म्हणाले, नुसती बसू नकोस. तिनं ती खांद्याला लावली. खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता नवऱ्याच्या लांब हातांसाठी केलेला. तिला मान ताणून गाल पुढं न्यावा लागला, आणि गाल टेकला तो लाकडावरच्या एका काळसर, गुळगुळीत जागी. इतर दस्त्यावर लाकडाच्या रेषा दिसत होत्या, तिथं दिसत नव्हत्या. वर्षानुवर्षांचा घाम, दाढीचा साबण, तेल, सगळं त्या चार बोटांच्या जागेत मुरलं होतं. लाकूड उन्हात होतं म्हणून कोमट होतं, हे तिला कळत होतं. तरी तिनं डोळे मिटले. "उघड," सासरे म्हणाले होते, "डोळे मिटून नेम धरत नाहीत." तिनं गोळी झाडली, ती कुठंतरी दगडावर गेली, खांद्याला गुद्दा बसला, आणि तिला वाटलं, आणखी एक. मग दर रविवारी आणखी एक. रविवारी संध्याकाळी खांदा काळानिळा असायचा. उंट सांगून थकला, "वहिनी, दस्ता दोन बोटं कापून घ्या हो, अंग फोडून घेताय." ती बघू म्हणायची. नेम काही सुधारला नाही. दहातली एखादी फुटायची, तीही तबकडीच्या चुकीनं, असं क्लबातले म्हणायचे, तिच्यादेखत नाही.

त्या आठवड्यात तिचं कामात चित्त नव्हतं. ती कान तपासायची. कापडानं मढवलेली, आवाज न शिरणारी एक खोली, दुहेरी काचेची खिडकी. आत माणूस कानांवर यंत्र लावून, हातात बटण धरून बसलेला, बाहेर ती. ती बारीक बारीक होत जाणारा आवाज सोडायची, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, हा तिच्या कामातला पहिला धडा. दुसरा धडा, मध्येच काही न सोडता थांबायचं. कारण काही माणसं आवाज नसतानाही बटण दाबतात. लबाडीनं नव्हे. ऐकू येतंय असं त्यांना खरंच वाटतं. मंगळवारी एक गृहस्थ असेच होते. ती काहीच सोडत नव्हती आणि ते मान तिरपी करून, ओठ किंचित उघडे ठेवून, एकेकदा बटण दाबत होते. काचेतून तिच्याकडे बघून हसलेसुद्धा. एरवी ती तपासणी पहिल्यापासून करते. त्या दिवशी ती नुसती बघत राहिली. ते हसणं तिला बघवेना आणि नजरही काढवेना. बायको बाहेर बसली होती, तिला काय सांगायचं ते तिनं नेहमीच्या आवाजात सांगितलं: समोर जाऊन बोला, सावकाश बोला, शब्द गिळू नका. मग हात धुतले, आणि काम संपल्यावर घरी न जाता थेट सासऱ्यांकडे गेली.

त्यांचं दार लोटलेलंच होतं. ते खिडकीपाशी टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून बसले होते आणि वर्तमानपत्रावर उभी होती, मोडून ठेवलेली, नळ्या एकीकडे, दस्ता एकीकडे. तेलाचा वास. ओट्यावर दूध उतू गेल्याचा वाळलेला ओघळ. ती त्यांच्या उजव्या हाताला बसली. डावा कान कधीचाच गेला होता, उजव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्यांचा डावाच आधी जातो. तिनं त्यांना किती वेळा कानांवर लावायची झाकणं आणून दिली होती. कानात बोळे घालून शिकारीला कुणी जातं का, असं म्हणून त्यांनी ती खुंटीला लावली होती. खाणीत कसली शिकार, असं नवरा म्हणायचा.  शेवटी ती म्हणाली की ती बंदूक तिच्याकडे राहू द्या, तिला आडवी जमणार नाही, आणि द्यायचीच होती तर आधी एका शब्दानं विचारायचं होतं.

सासरे दस्त्यावरून फडकं फिरवत राहिले. "उभी तरी तू कुठं चालवतेस?" ते म्हणाले. "तू गाल ठेवायला येतेस."

तिच्या कानशिलांतून ऊन वाफ गेली. न्हाणीघराचं दार कुणीतरी उघडावं तसं. तिला वाटलं होतं ही गोष्ट तिची एकटीची आहे, स्वतःलाही तिनं ती कधी शब्दांत सांगितली नव्हती. आणि हा म्हातारा माणूस, ज्याला समोरची नाडी दिसत नाही, तिच्या मागं उभा राहून दर रविवारी ते बघत होता.

"रागावू नकोस," ते म्हणाले. "मीही तेच करतो. संध्याकाळ झाली की काढतो. तेल लावायला म्हणून. रोज कोण तेल लावतं बंदुकीला?" ते जरा हसले, मग हसू राहिलं नाही. "सुरुवातीला यायचा वास. त्याचा. लहानपणी डोकं हुंगलं की यायचा तसा नाही, मोठेपणीचा, पण त्याचाच. मग कमी होत गेला. हल्ली गाल टेकवला की तुझ्या क्रीमचा वास येतो. मला वाटलं भास. रोज पाहतो, तोच. दुसरा येतच नाही." त्यांनी दस्ता तिच्यापुढं सरकवला. "तो आता तिथं नाही. तू आहेस आणि मी आहे. आपण दोघांनी मिळून पुसलं त्याला."

तिनं दस्ता उचलून नाकाशी नेला. काकडीचा वास. हिरव्या झाकणाच्या बरणीतला, रोज सकाळी बाहेर पडण्यापूर्वी ती तोंडाला लावायची तो. त्याखाली तेल. आणखी खाली काही असेल म्हणून तिनं श्वास आत ओढून धरला, काचेआडच्या त्या गृहस्थासारखी मान तिरपी करून. काही नव्हतं. मग निदान कपाटात राहू दे, ती म्हणाली. कपाटात राहिली तर मी काढणार, ते म्हणाले, तुझ्याकडे राहिली तर तू काढणार, उंटाकडे निदान ती तबकड्या फोडेल.  ती उठून ओट्यावरचा दुधाचा ओघळ घासायला लागली. तो जुना होता, नखानं खरवडावा लागला. तिच्या पाठीमागं बंदूक जोडल्याचा खट असा आवाज झाला आणि तिनं मागं वळून पाहिलं नाही.

उंट आला तेव्हा त्यानं एकही चेष्टा केली नाही. इतका उंच माणूस दारात उभा राहून हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखा करत होता. कागदपत्रं झाल्यावर बंदूक तिनंच त्याच्या हातात दिली. "वहिनी, नक्की ना?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, तुम्हाला लांबी पुरेल, कापावी लागणार नाही. त्यानं सवयीनं ती खांद्याला लावून पाहिली, आणि गाल टेकणार तेवढ्यात त्याला काहीतरी कळलं असावं. मान तशीच वर ठेवून त्यानं बंदूक खाली घेतली. जिना उतरून जाताना त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली.

मग ती आडवी शिकायला लागली. कुणी विचारलं असतं की का, तर तिला सांगता आलं नसतं. रविवार सकाळ मोकळी ठेवली तर तिचं काय करायचं ते माहीत नव्हतं, हे एक. आणि सासरे आता स्वतः चालवत नव्हते. "माझं झालं," एवढंच म्हणाले होते. ते तिच्या मागं उभे राहत आणि तिच्या दोन खांद्यांच्या मध्ये एक बोट टेकवून ठेवत. नळी कचरली की ते बोट टोचे. एरवी त्यांनी सुनेच्या पाठीला कधी हात लावला नसता. या बंदुकीला पुढं लाकूड जेमतेम पट्टीएवढं, डावा हात नळ्यांवरच येई आणि दहा-बारा गोळ्यांत नळ्या तव्यासारख्या तापत. त्यांनी आपला जुना कातडी हातमोजा तिला दिला. तो तिला बेताचा बसला. दस्ताही बसला, मान न ताणता. नवऱ्यानं उंची आईची घेतली होती. सासरे बुटके, तिच्याएवढेच. नात्यानं नव्हे पण मापानं ती त्यांचीच लेक निघाली, असं ते एकदा म्हणाले. एक गोष्ट मात्र तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आली. गाल ठेवायची जागा या दस्त्यावर काळी नव्हती. उलट बाकीच्या लाकडाहून फिकट होती, नव्यासारखी, हात फिरवला तर किंचित खरबरीत. जन्मभर त्या माणसानं तिथं गाल टेकवला होता. तिनं विचारल्यावर ते म्हणाले, काचकागदानं घासून घेतला. तुला कसंतरी वाटू नये म्हणून. इतक्या सहज म्हणाले की ती काडतुसं भरायचं विसरली. रिकामीच बंदूक खांद्याला लावून तिनं "सोड" म्हटलं, चाप दाबला, आणि यंत्रवाला म्हणाला, "गेली."

नणंदेचा फोन आला तो त्याच सुमाराला. नणंद दूरच्या शहरात असायची, रविवारी वडिलांना फोन करायची, वहिनीला सहसा नाही. आवाज कामात असलेल्या बाईचा, मागं नळ सुरू. तिनं विचारलं, तुमचं ते आडवी-उभी कधी संपतंय? बाबा म्हणतात, तिला आडवी जमली की येतो तुझ्याकडे, तोवर नाही. खालची खोली रंगवून ठेवलीय, जिन्याला कठडा बसवलाय, त्यांना एकटं ठेवायचे दिवस राहिलेत का? "तू मनावर घे ग जरा," ती म्हणाली, आणि मग आवाज उतरवून, "मला काही तुझ्यापासून त्यांना तोडायचं नाहीये. भाऊ गेला तेव्हा मी तिथं नव्हते. निदान हे तरी." नळ बंद झाल्याचं ऐकू आलं. ती बरं म्हणाली, पण रागानं नव्हे. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फोन ठेवल्यावर ती जेवणाच्या टेबलाशी बसली, समोरच्या खुर्चीकडे बघत. माणसं तिच्या आयुष्यातून अशीच जात होती, बाहेर कुठंतरी ठरून. तिला कळायचं ते चहाची हाक मारायला गेल्यावर.

वारा पडलेला एक रविवार होता. खाणीच्या तळाशी साचलेलं पाणी काचेसारखं. तिनं "सोड" म्हटलं, तबकडी पाठाडामागून वर आली, आणि या वेळी तिनं पाठाड पाहिलं नाही, चीर पाहिली नाही, माशीही नाही. हात आपला वळत गेला. पुढचा चाप. काळा ढग. दुसरी तबकडी डावीकडून. बोट आपणहून मागच्या चापावर. पुन्हा ढग, पहिल्याची भुकटी अजून खाली येतेय तोवर. खांद्याला धक्का लागला तो कुणीतरी थोपटल्याएवढा. ती तोंड उघडं ठेवून उभी राहिली. आणि मग लक्षात आलं की त्या दोन गोळ्यांच्या वेळात तो तिच्या मनात नव्हता. तीन वर्षांत असा क्षण आला नव्हता; झोपेतही तो कुठंतरी कडेला असायचा. आता मध्ये एवढीशी जागा कोरी होती, घासून काढलेली. आनंद आणि धास्ती दोन्ही एकदम वर आली. पाठीवरचं बोट हललं नव्हतं. सासऱ्यांनी विचारलं, "लागली?"

"नाही," ती म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. खिडकीतून यंत्रवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे.  "गेली," तो म्हणाला, एकदा, आणि जरा थांबून दुसऱ्यांदा. सासऱ्यांनी मान डोलावली, अजून थांबतेस थोडी, म्हणाले.

पुढचे रविवार तसेच गेले. ती फोडत होती आणि नाही म्हणत होती. कधी मुद्दाम चुकवायची, म्हणजे खोटं कमी बोलावं लागेल. पण हात आता ऐकत नसे, फुटायच्या त्या फुटतच. यंत्रवाला इमानानं "गेली" म्हणायचा. उंट एकदा शेजारच्या जागेवर उभी घेऊन उभा होता, त्यानं हे ऐकलं, भुवया वर केल्या आणि आपल्या तबकडीकडे वळला. उभी त्याच्या खांद्यावर बघून तिला काहीतरी होईल असं वाटलं होतं. एक चांगली बंदूक दिसली, इतकंच. घरी येताना ती सासऱ्यांसाठी आठवड्याची भाजी घ्यायची, औषधांच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत घालून द्यायची. इथंच माझ्याकडे येऊन राहा, असं म्हणावं असं तिच्या कितीदा ओठांवर आलं. म्हटलं असतं तर ते कदाचित आलेही असते. मग तिला त्यांच्या खोलीचं दार दिसायचं, संध्याकाळी त्या दारात उभी असलेली ती दिसायची, त्यांच्या मानेच्या वळणात, खोकल्यात, चमचा धरण्यात तो शोधणारी. तो त्यांच्यात होताच थोडा. तो संपेपर्यंत तिनं शोधला असता. ती काही म्हणाली नाही.

शेवटी ते झालं एका साध्याच सकाळी. तिनं बंदूक बिजागरीशी मोडून रिकामी काडतुसं काढली आणि सासरे म्हणाले, "आज सगळ्या लागल्या."

नाही, असं ती म्हणू लागली. त्यांनी हातानं थांबवलं. "दिसतात मला. समोर बघितलं की मधोमध नुसता डाग असतो. बाजूला बघितलं की कडेला दिसतं. मी त्या पलीकडच्या झाडांकडे बघत असतो." ते आताही झाडांकडेच बघत होते, म्हणजे तिच्याकडे बघत होते.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

"पहिल्या दोन फुटल्या तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले नाहीत, नुसता हातात धरला. "मला कुठं जायचं होतं?" मग त्यांनी शर्टाची डावी बाही वर केली. मनगटाच्या वर भाजल्याचा तांबडा, अजून ओला पट्टा होता, त्यावर त्यांनी बंदुकीचंच तेल लावलं होतं. "गॅसची ज्योत दिसत नाही. कडेनंही नाही, दिवसा उजेडी. परवा बाही पेटल्यावर कळलं." तिनं त्यांचा हात हातात घेतला. त्या जखमेला काय लावायला हवं, आधी पाण्याखाली धरायला हवं होतं, असं काहीबाही ती बोलत राहिली आणि ते ऐकत राहिले, किंवा त्यांना ऐकू येत नव्हतं.

त्यांचा फोन वाजला. रविवारचा, लेकीचा. त्यांनी तो कानाला न लावता तिच्याकडे धरला. सक्ती केली नाही, तूच सांग असंही म्हणाले नाहीत. नुसता धरून राहिले. अजून नाही, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. यंत्रवालासुद्धा म्हणाला असता. तिनं फोन घेतला.

"जमलं, ताई," ती म्हणाली. "चांगलं जमलं."

 नणंद म्हणाली, बरं, शनिवारी येते. सामान फार आणू नका म्हणावं, सगळं आहे इथं. आणि मग, तू ठीक आहेस ना ग? ती हो म्हणाली. फोन खाली घेतला तेव्हा खाणीत कुणीच गोळी झाडत नव्हतं. सासरे झाडांकडे तोंड करून उभे होते, हातमोजा तिच्याकडून काढून घेऊन त्याची बोटं सरळ करत.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

शनिवारी येताहेत न्यायला, ती म्हणाली. पण शब्द तिचे तिलाच जेमतेम ऐकू आले. त्यांनी उजव्या कानामागं तळवा धरला आणि थोडे पुढं वाकले. ती जाऊन त्यांच्या समोर उभी राहिली, आणि लोकांच्या लेकी-सुनांना वर्षानुवर्षं शिकवत आली होती तसं, सावकाश, एकही शब्द न गिळता, ते पुन्हा म्हणाली, खाणीच्या पार पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.